कोचचा कोरडा शर्ट

इंग्लंडात, वॉटफर्डला आमच्या शेजारी राहणारा कोच युनिव्हर्सिटीच्या पोरांना अमेरिकन फुटबॉल शिकवतो. इथे हा खेळ बघायला खेळाडूंच्या आयासुद्धा येत नाहीत. मॅच हरली की म्हणतो, "काका, आपलं रीबिल्डिंग चाललंय." त्याचं रीबिल्डिंग आमच्या किचनच्या एक्स्टेन्शनपेक्षाही लांबलंय.

परवाची मॅच हरली तर टीमच बंद होणार होती, म्हणून मी मुद्दाम गेलो. नियमांतलं मला ओ की ठो कळत नाही. मॅच संपली की कोचच्या डोक्यावर बर्फाचं पाणी ओततात, एवढंच ऐकलेलं. शेवटची शिट्टी वाजली, तरी पोरं आपली गप्प उभी. विसरली बहुतेक, असं म्हणून मीच कडेची बर्फाच्या पाण्याची बादली उचलली आणि त्याच्या डोक्यावर ओतली.

"काका," तो निथळत म्हणाला, "ते जिंकल्यावर करतात."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो शांतपणे गाडीकडे गेला आणि डिकीतून टॉवेल आणि घडी घातलेला शर्ट काढला. शर्टाला दुकानाचं लेबल तसंच होतं.

"दर मॅचला आणतो," लेबल तोडत तो म्हणाला. "आज लागला बघा."