घाणच लागू दे गळाला

मासे धरायला निघालेल्या माणसाचं गुनवोरनं उभ्या आयुष्यात कधी भलं चिंतलं नाही. स्कारवाटनच्या तळ्याकडे उतरणाऱ्या पायवाटेच्या तोंडाशीच तिचं घर. खांद्यावर गळकाठी टाकून कुणी उतरायला लागला, की ती दारातूनच म्हणायची, "जा, घाणच लागू दे गळाला." ऐकणाऱ्यानं आभार मानायचे नाहीत, वळून बघायचं नाही, गुमान चालू लागायचं. या डोंगरात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. कुणी शुभेच्छा दिल्या की मासा तळ गाठतो, म्हणतात. हे खरं आहे असं कुणी दाखवून दिलेलं नाही. पण खोटं आहे हे दाखवायलाही कुणी तयार होत नाही, कारण त्यापायी मासेमारीचा एक अख्खा दिवस वाया घालवावा लागेल.

बाहेरच्यांना मात्र हे कसं कळावं? गेल्या उन्हाळ्यात हॅम्बुर्गचं एक जोडपं गुनवोरच्या तळ्याकाठच्या भाड्याच्या घरात आठवडाभर राहून गेलं आणि इंटरनेटवर लिहून मोकळं झालं, जागा स्वच्छ, तळं सुंदर, मालकीण शाप देते. गुनवोरच्या भावाची मुलगी योरून खाली गावात राहते आणि घरांचं बुकिंग तीच बघते. ती फोन नाचवतच वर आली.

"आत्या, हे बघ काय लिहिलंय तुझ्याबद्दल."

गुनवोरनं चष्मा न लावताच ऐकून घेतलं. "मासे मिळाले होते ना त्यांना?"

"भरपूर. फोटो टाकलेत."

"मग रडतात कशाला?"

"अगं, त्यांना वाटलं तू खरंच वाईट चिंतलंस. नुसतं 'शुभेच्छा' म्हटलंस तर जीभ झिजणार आहे का तुझी?"

"एकदा म्हटलं होतं," गुनवोर म्हणाली. "पुढचं तुला ठाऊक आहे."

योरूनला ठाऊक होतं. अख्ख्या खोऱ्याला ठाऊक होतं. तळ्याकाठची ओंडक्यांची चार घरं गुनवोरच्या बापानं बांधलेली. छपरावर माती, मातीवर गवत, आत लोखंडी शेगडी, संडास बाहेर झाडीत. बाप गेल्यावर ती गुनवोरकडे आली आणि तिच्याबरोबर तिचा नवरा तोर्स्टाइनकडेही. तोर्स्टाइन सुतार होता, हात चांगला होता, पण डोंगरात त्याचा जीव रमेना. तेव्हा समुद्रातल्या तेलाच्या कामाला माणसं हवी होती. तो पहिल्यांदा निघाला त्या सकाळी गुनवोर बसपर्यंत सोडायला गेली आणि कुठल्याही बायकोनं म्हणावं तसं म्हणाली, "सगळं चांगलं होवो. जपून राहा." पहिल्या वर्षी तो प्रत्येक सुट्टीला घरी यायचा. मग एक सुट्टी आड यायला लागला. मग एकदा रंधे आणि करवती न्यायला आला, तो शेवटचा. गाव म्हणतं, किनाऱ्यावरच्या एका बाईनं त्याला ठेवून घेतला. गुनवोर म्हणते, मीच माझ्या तोंडानं घालवला. हे ती थट्टेनं म्हणते की खरंच मानते, ते तिचं तिलाही सांगता यायचं नाही. पण तेव्हापासून दारातून निघणाऱ्या कुणालाही तिनं चांगला शब्द दिला नाही, मग तो तळ्यावर निघालेला असो की दुकानात.

एकटीनंच तिनं सगळं निभावलं. छपरावरचं गवत उपटून नवं लावणं, धुराडी झाडणं, होड्यांना डांबर फासणं, संडासाचा खड्डा उपसणं. लोकांना तिची बडबड कमी वाटायची आणि नियम जास्त. नियम तसा खरा एकच होता. घर सोडताना पुढच्यासाठी लाकूड फोडून ठेवायचं, शेगडीत भूर्जाची साल आणि काटक्या रचून ठेवायच्या, म्हणजे भिजून आलेल्या माणसाला नुसती काडी ओढावी लागेल. हे न करता जो गेला त्याला पुढच्या वर्षी चारही घरं भरलेली असायची, मग ती रिकामी का असेनात.

एम्ब्रिकसाठी मात्र सगळ्यात वरचं घर ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात कायम राखलेलं असे. हा खाली हेनेफॉसला लाकडाच्या गिरणीत कामाला होता. बायको लवकर गेली, मूलबाळ नाही. वीस-पंचवीस वर्षं तो यायचा, सकाळी होडी घेऊन तळ्याच्या पलीकडच्या काठाला जायचा आणि दुपार कलली की परतायचा. गुनवोर धक्क्यावर उभी असायची. असायची म्हणजे तिला नेमकं तेव्हाच धक्क्यावर काहीतरी काम निघायचं.

"काही लागलं का?"

"काही नाही. एक लागला होता, सुटला."

आणि पिशवी खांद्याला काचत असायची. मिळालेलं सांगायचं नाही, हाही तिथला रिवाजच. मग तो दोन चांगले ट्राउट मासे नेच्याच्या पानांत गुंडाळून तिच्या पायरीवर ठेवायचा. ती ते लोण्यात तळायची, आंबट साय आणि काकडीची कोशिंबीर करायची, बटाटे उकडायची, आणि दोघं बाहेरच्या बाकावर बसून जेवायची. बोलणं फारसं व्हायचं नाही. आठवडा संपला की तो गाडीत बसायचा, ती म्हणायची, "घाणच लागू दे," आणि तो न बघता निघून जायचा. लोक आपसात बोलायचे, म्हातारी कधी याला जागा देते बघू. गुनवोरलाही अधूनमधून वाटायचं की आता बोलावं. पण चांगलं बोललं की माणूस जातो, हा तिचा अनुभव. आहे ते बरं आहे, असं म्हणून ती भांडी घासायला घ्यायची.

यंदा तो आला तो हडकलेला. पहिल्याच सकाळी गुनवोरच्या लक्षात आलं, की होडी पलीकडे न जाता अलीकडच्या लव्हाळ्यातच थांबलीय. संध्याकाळी वरच्या घरामागून कुऱ्हाडीचे घाव ऐकू यायचे ते चार-दोन पडून थांबले. बऱ्याच वेळानं आणखी एक पडला. तिनं विळी ठेवली आणि वर गेली. एम्ब्रिक ओंडक्यावर बसला होता, कुऱ्हाड गुडघ्याला टेकवून.

"लाकूड कठीण झालंय की तू मऊ झालायस?" तिनं विचारलं.

"हृदयाची एक झडप नीट मिटत नाही, असं म्हणतात." त्यानं छातीवर दोन बोटं ठेवली. "ऑस्लोला उघडून दुसरी बसवणार आहेत. इथून थेट तिकडंच जायचंय."

"माझ्या संडासाचं दार मिटत नव्हतं. पाचर मारली, मिटलं."

"डॉक्टरांना सांगतो."

"वाचतात का लोक यातनं?"

"बरेच वाचतात," तो म्हणाला. "माझ्या वयाचे जरा कमी."

गुनवोरनं त्याच्या गुडघ्यावरची कुऱ्हाड उचलली आणि उरलेलं लाकूड स्वतः फोडलं. तो बसून बघत राहिला. तिला भीती वाटत होती, आणि भीती वाटली की तिचे घाव नेहमीपेक्षा सरळ पडतात.

निघायच्या दिवशी नेमकी योरून वर आलेली. तिला कळलं तशी तिनं एम्ब्रिकला मिठी मारली. "सगळं छान होणार बघा काका. खूप खूप शुभेच्छा. आम्ही तुमचाच विचार करत असू." पोरीचं मन साफ होतं, डोळ्यांत पाणीही होतं. गुनवोरला मात्र तिच्या तोंडावर फडकं दाबावंसं वाटलं.

एम्ब्रिकनं गाडीत सामान ठेवलं. मग गळकाठी ठेवली. मग ठेवलेली गळकाठी काढून पुन्हा नीट ठेवली. तो वाट बघत होता, हे गुनवोरला स्वच्छ दिसत होतं. पण हे काही तळं नव्हे. छाती फाडून घ्यायला निघालेल्या माणसाला घाण लागू दे म्हणायचं? आणि खरंच लागली तर? आणि चांगलं म्हणावं तर तोर्स्टाइनची बस तिच्या डोळ्यांपुढून हलेना. ती दोन्ही हात एप्रनमध्ये गुंडाळून नुसती उभी राहिली.

"बरंय मग, गुनवोर," तो म्हणाला, दार लावलं आणि गाडी सुरू केली.

गाडी वळणापर्यंत गेली असेल, नसेल. योरूननं आत्याला उभ्या जन्मात पळताना पाहिलं नव्हतं. गुनवोर लाकडी बूट वाजवत पळत सुटली आणि गाडीच्या काचेवर तिनं थाप मारली. त्यानं काच खाली घेतली.

"घाणच लागू दे गळाला, एम्ब्रिक," ती धापा टाकत म्हणाली. "नुसती घाण. ऐकतोयस ना?"

त्यानं आभार मानले नाहीत. काच वर केली, आणि पार खालच्या पुलापर्यंत गाडी दिसत होती, पण त्यानं एकदाही वळून बघितलं नाही. गुनवोरला ते फार बरं वाटलं.

मग काही आठवडे काहीच कळलं नाही. योरून दर शनिवारी विचारायची, "करू का फोन हॉस्पिटलात?"

"गळ पाण्यात असताना विचारत नसतात."

"आत्या, हा माणूस आहे, मासा नाही."

"म्हणून तर म्हणते. थांब."

रानातली तांबडी लिंगोनची फळं पिकली, गुनवोरनं ती वेचून मुरंबा केला. पहिलं दव गोठलं. होड्या ओढून काठावर पालथ्या घातल्या, तीन घरांची पाण्याची नळी काढून ठेवली, खिडक्यांना फळ्या ठोकल्या. वरच्या घराला ठोकल्या नाहीत. योरूननं विचारलं तेव्हा खिळे संपले म्हणाली. त्या घरात जाऊन तिनं शेगडीत साल आणि काटक्या रचल्या, काडेपेटी वर ठेवली, आणि दोन दिवसांनी दमट झाल्या असतील म्हणून पुन्हा कोरड्या रचल्या. रात्री तिला झोप येत नव्हती. हा मेला तर मी कुणाला सांगणार, असं तिच्या मनात यायचं, आणि मग राग यायचा, की इतकी वर्षं बाकावर बसून आपण नुसते बटाटे सोलले.

ऑक्टोबरात एका दुपारी वाटेवर गाडी वाजली. ती सावकाश आली आणि सावकाश थांबली. एम्ब्रिक दाराला धरून उतरला. कोट अंगावर टांगल्यासारखा दिसत होता, चेहरा मेणासारखा, पण उभा होता. हातात ना पिशवी, ना काठी.

गुनवोरला जाऊन त्याला धरावंसं वाटलं. ती दारातच राहिली. तिथूनच तिनं विचारलं,

"काही लागलं का?"

एम्ब्रिक पायरीवर बसला. श्वास येईपर्यंत थांबला. समोरच्या तळ्याकडे त्यानं बघून घेतलं.

"मीच लागलो होतो," तो म्हणाला. "सुटलो."

गुनवोर आत गेली आणि दोघांचे बटाटे चुलीवर चढवले.