तुरीच्या बाजूचं तिकीट

आसेगावला जायचं ठरलं ते माझ्या दुकानातल्या बाकड्यावर. मेडशीत माझं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. विहिरीतली, बोअरमधली जळालेली मोटार आणा, संध्याकाळी घेऊन जा. वसंता रोज सकाळी कामावर जाताना तिथं चहा प्यायला थांबतो. त्याची दोन एकर स्वतःची, बाकी दुसऱ्यांच्या वावरातली मजुरी. शाळेत आम्ही एकाच फुटबॉल संघात होतो. तो फुलबॅक होता. मी संघात होतो, कारण बॉलमध्ये हवा भरायचा पंप माझा होता. पुढं त्याच पंपावर मी पंक्चरचं दुकान टाकलं आणि पंक्चरवरून मोटारीवर आलो. म्हणजे फुटबॉलमधून आमच्या संघात कमाई फक्त मी केली.

"आयतवारी आसेगावले फायनल हाये," वसंता म्हणाला. "मेडशीच्या पोरी आन् मंगरूळच्या पोरी. आपली प्रज्ञा गोलात हाये."

प्रज्ञा त्याची मुलगी, बारावीला आहे. तिच्या प्रत्येक मॅचला वसंता तिच्या गोलच्या मागं उभा असतो आणि पूर्ण वेळ एकच वाक्य बोलतो, "उभी राह्य." पोरीला आधीच उडी मारायची खोड आहे. समोरचीनं पाय उचलला की ही आडवी. बापाचा आवाज आला की थांबते.

"जाऊ," मी म्हणालो. "गाडी काढतो."

"गाडी नको. येष्टीनं जाऊ."

"काहून बे?"

"तुह्या गाडीत बसलो का तू पैसे घेत नाही. मंग दिवसभर तुह्या मताशी सहमत व्हा लागते."

तेवढ्यात मोबाईलवर स्पर्धेचं पोस्टर आलं. वर मान्यवरांचे फोटो, पासपोर्ट फोटोंच्या पानासारखे. खाली मैदानाचा नकाशा, रंगीत. खुर्ची तीनशे. गोलच्या मागं, 'क्लोज व्ह्यू', पाचशे. तुरीची बाजू दीडशे. सोफा फक्त निमंत्रितांना. आणि अगदी तळाशी, औषधाच्या डब्यावर असतो तेवढ्या अक्षरात: दर मागणीनुसार बदलू शकतात.

ज्यांनी आसेगावची मॅच पाहिली नाही त्यांच्यासाठी तुरीची बाजू सांगतो. मैदान म्हणजे गावाची ई-क्लास जमीन, सगळ्यांची. तीन बाजूंना मोकळं, चौथ्या बाजूला बांध आणि बांधापलीकडं गुलाबरावांची तूर. डिसेंबरात तूर डोक्याच्या वर जाते, शेंगा धरते. मॅचमध्ये दर पाच मिनिटांनी बॉल त्या तुरीत जातो. म्हणून बांधावर जे लोक उभे राहतात, त्यांना फुकट मॅच आणि बॉल आणून द्यायचं काम, असा रिवाज आहे. एकजण तूर कुठं हलली ते बोटानं दाखवतो, दुसरा दोन ओळींमधून आडवा अंग करून आत जातो. एक शेंग तुटत नाही. त्यांना म्हणतातच तुरीवाले. गुलाबराव त्यांना ओळखतात आणि फक्त त्यांनाच आत जाऊ देतात. दोन बॉलवर ही स्पर्धा इतकी वर्षं चालली, ती या लोकांच्या डोळ्यांवर.

आता त्या बाजूलाही दीडशे.

वसंतानं पोस्टर लांब धरून पाहिलं. "गावाच्या जमिनीवर गावालेच तिकीट," तो म्हणाला आणि मोबाईल मला परत दिला. मी तो पालथा ठेवला. कारण निमंत्रितांमध्ये माझा फोटो होता. समितीला मी पाच हजार दिले होते, दुकानाच्या बॅनरसाठी. अध्यक्षांनी फोनवर विचारलं होतं, कुठं लावू? मी धंदेवाईक माणूस. म्हणालो, जिथं सगळ्यात जास्त लोक उभे राहतात तिथं.

रविवारी सकाळी मेडशीहून वाशीमची एसटी धरली. जाणार असाल तर लवकरची धरा, नंतरच्या गाडीत लग्नाची गर्दी असते. बायांना अर्धं तिकीट, पंचाहत्तरीच्या पुढच्यांना फुकट. आम्ही दोघं ना इकडचे ना तिकडचे, त्यामुळं पूर्ण. दोघांनी आपापलं काढलं. मालेगावच्या पुढं रस्ता झकास आहे. दोन्ही बाजूंना तूर, मध्ये मध्ये हरभरा. सोयाबीन निघालेली वावरं नांगरून पडलेली.

कंडक्टर गप्पिष्ट होता. "कोठी चालले?"

"आसेगावले. फुटबॉल पाह्यले."

"पैसे देऊन?" त्यानं तिकिटाचं मशीन खाली धरलं. "मॅच त मोबाईलवर फुकट दिसते ना भाऊ."

"रिचार्ज कोण, तुमचं महामंडळ करून देते काय?" वसंता म्हणाला.

वाशीमच्या स्टँडसमोर आलुबोंडा-रस्सा खाल्ला. प्लेट वीस रुपये. रस्सा दोनदा फुकट मिळतो, तिसऱ्यांदा मागितला तर मालक तुमच्याकडं बघतो. तिथं माझ्या पुण्याच्या जावयाचा फोन आला. त्याला बेत सांगितला तर म्हणाला, "मामा, विदेशातही हेच चाललंय. तिथं तर पिढ्यान्‌पिढ्या मॅच बघणारे लोक आता बाहेर टीव्हीवर बघतात. मागणी वाढली की तिकिटाचा दर आपोआप वाढतो." वसंताला हे सांगितलं. त्यानं रस्सा संपवला.

"बाजार समितीत सोयाबीनची आवक वाढली का भाव पडते," तो म्हणाला. "अठी माणसाची आवक वाढली का भाव चढते. म्हंजे माल बी आपणच आन् मार बी आपल्यालेच."

वाशीमहून दुसरी गाडी. आसेगावात उतरल्यावर मैदान विचारावं लागलं नाही, भोंगा ऐकू येत होता. फाटकावर हिरव्या जाळीची कमान, त्यावर 'वेलकम'. आधी पार्किंग. मोटारसायकल वीस, चारचाकी पन्नास, बैलगाडी तीस. एका म्हाताऱ्यानं विचारलं, तीसमध्ये बैल आले का वेगळे? पावती फाडणाऱ्यानं कोणाला तरी फोन लावला. आम्ही पुढं गेलो तेव्हा फोन सुरूच होता.

पुढं पिशव्या तपासत होते. बाहेरचे खाद्यपदार्थ आणायला मनाई. एका बाईची भाकर आणि ठेचा टेबलावर काढून ठेवला होता.

"बाहेरचा खाद्यपदार्थ चालत नाही, मावशी."

"हा खाद्यपदार्थ नोहे बाबू," ती म्हणाली. "हे जेवन होय."

आत वडापाव चाळीसचा होता.

फाटकावर अध्यक्ष रमेशभाऊ उभे होते. त्यांचं खताचं दुकान आहे. शेजारी काळा चष्मा लावलेला त्यांचा पुतण्या, जो पुण्यात इव्हेंटचं काम शिकून आलाय. रमेशभाऊंनी माझा हात दोन्ही हातांत घेतला. "या दिनकरभाऊ, सोफा तयार हाये." मग वसंताकडं वळून, "जय भीम, वसंतदादा. तुमी कोणत्या बाजूनं?"

"गोलच्या मागं. पोरगी हाये माही."

पुतण्यानं मोबाईल पाहिला. "काका, गोलच्या मागं आता सहाशे झाले. गर्दी वाढली ना. पण पालकांसाठी पॅकेज आहे. सातशेत खुर्ची आणि खेळाडूसोबत एक फोटो."

"माह्याच पोरीसोबत?"

"प्रिंट काढून देतो."

मी खिशाकडं हात नेला. वसंतानं तो मनगटाला धरून खाली केला आणि मैदानाभोवती लावलेल्या जाळीच्या बाहेरून तुरीकडं चालू लागला. मी सोफ्याकडं गेलो. खरं सांगायचं तर सोफा मऊ होता.

सोफा लग्नाच्या डेकोरेटरचा, लाल मखमली, अगदी मधल्या रेषेवर. समोर टीपॉय, त्यावर काजू. माझ्या शेजारचे दोन्ही मान्यवर मॅच सुरू झाल्यापासून मोबाईलमध्ये होते. एकानं मला विचारलं, आपली टीम कोणती? मी म्हटलं, निळी. तो म्हणाला, चांगला रंग आहे.

मग मी समोर तुरीच्या बाजूला पाहिलं. दीडशे देऊन तिथं सात-आठ माणसं आत आली होती. त्यांच्या मागं, बांधाच्या बरोबर कडेनं, बांबूंना बांधलेलं सहा फूट उंच, गोलपासून गोलपर्यंत कापड. त्यावर माझा फोटो, बैलगाडीएवढा, हसणारा. शेजारी पाण्यात उडी मारणारी मोटार. त्याच्या पलीकडून तिकीट न काढलेल्या शंभरेक माणसांचे आवाज येत होते. माणूस एकही दिसत नव्हता. ज्यांच्या डोळ्यांसमोर माझं नाव राहावं म्हणून मी पैसे दिले, त्यांच्या डोळ्यांसमोर आता माझ्या नावाशिवाय काहीच नव्हतं, आणि तेही उलट्या बाजूनं.

"दिनक्या, थोडा वाकत असशीन त वाक," कापडामागून कोणीतरी ओरडलं. मोठा हशा झाला. मान्यवरांनी वर पाहिलं.

प्रज्ञा पहिल्या मिनिटापासून मागं वळून पाहत होती. गोलच्या मागं पाच खुर्च्या, त्यांत एक कापड दुकानदार सहकुटुंब, गोलकडं पाठ करून फोटो काढत. मंगरूळची एक उंच पोरगी बॉल घेऊन आली. तिनं नुसता पाय उचलला, मारला नाही. आमची प्रज्ञा आडवी. मग तिनं सावकाश बॉल आत ढकलला. एक-शून्य. कापडामागून कोणीतरी विचारलं, "काय झालं बे?" कोणी सांगेना.

तोवर कापडाला आपटून परत येणारा बॉल हाफटाइमच्या जरा आधी माझ्या फोटोच्या डोक्यावरून तुरीत गेला. पंचांनी शिट्टी वाजवली आणि सवयीनं हात पुढं करून उभे राहिले. बॉल आला नाही. दुसरा बॉल काढला. खेळ सुरू झाला, आणि चौथ्या मिनिटाला तोही तिकडंच.

समितीनं बैलापासून वडापावपर्यंत सगळ्याचा दर ठरवला होता. बॉल कोण आणणार, हे ठरवायचं राहिलं होतं.

पुतण्यानं समितीचा टी-शर्ट घातलेली दोन माणसं पाठवली. ती कापडाखालून वाकून पलीकडं गेली आणि लगेच परत आली. "गुलाबराव काठी घेऊन उभे हायेत," एकजण म्हणाला. "म्हणते, तुरीत पाय ठेवला त पंचनामा करीन. आन् आत रानडुक्कर हाये म्हणते."

"तिसरा बॉल काढा," पंच म्हणाले.

रमेशभाऊंनी पुतण्याकडं पाहिलं. पुतण्यानं धुराच्या मशीनकडं पाहिलं. त्या मशीनमधून सुरुवातीला एकदा पांढरा धूर निघाला होता. बॉलचे पैसे त्या धुरातच गेले होते.

रमेशभाऊ मैदान ओलांडून गेले. काजू सोडून मीही मागं गेलो. कापडाजवळ उभं राहून त्यांनी हाक मारली, "अरे, कोणाले दिसला काय बॉल?"

"दोनी दिसले," वसंताचा आवाज आला. "पहिला सातव्या ओळीत. दुसरा सांगत नाही."

"मंग दे ना बाप्पा."

"पहिला बॉल पन्नास होता. आता मागणी वाढली ना."

पलीकडं शंभर माणसं हसली. रमेशभाऊही हसले असते, पण पुतण्या शेजारी होता. "किती पाह्यजे ते सांग, वसंतदादा. पोरी खोळंबल्या."

मग वसंता म्हणाला, आणि या वेळी आवाजात थट्टा नव्हती, "पैसे कोण मांगून राह्यलं? माही पोरगी मागं पाह्यते, मी तिले दिसत नाही. हे कापड काढा."

"स्पॉन्सरची परवानगी लागते," पुतण्या म्हणाला.

सगळे माझ्याकडं वळले. मी मोठेपणा सांगत नाही, मला दोन क्षण लागले. पाच हजार. वर छपाई वेगळी. आयुष्यात पहिल्यांदा माझा एवढा मोठा फोटो लागला होता, आणि चांगला आला होता. मग मी खिशातली कटर काढली. तांब्याची तार कापायची कटर माझ्या खिशात असतेच, लग्नातसुद्धा. दोरी नायलॉनची होती. अकरा ठिकाणी बांधली होती. शेवटची तुटली तेव्हा फोटोतला मी बांधावर पसरलो आणि माझ्या नाकासमोर वसंता उभा होता, दोन्ही काखांत एकेक बॉल.

"पह्यलेच सांगतलं असतं त येष्टीतच कापलं असतं," मी म्हणालो.

"पह्यले तू इचारलं कोठी?" तो म्हणाला, आणि बॉल पंचांकडं फेकून गोलच्या मागं गेला. कापड दुकानदारानं त्याला खुर्ची देऊ केली. वसंता उभाच राहिला.

दुसरा हाफ मी तुरीवाल्यांत बसून पाहिला, फाटकावरून भाकर-ठेचा परत घेऊन इकडंच आलेल्या मावशीशेजारी. तिनं मला अर्धी भाकर दिली. माझं बॅनर खाली अंथरलं होतं, मी माझ्याच कपाळावर बसलो होतो. बॉल आणखी सहा वेळा तुरीत गेला आणि सहा वेळा परत आला. शेवटाकडं मंगरूळला पेनल्टी मिळाली. तीच उंच पोरगी. मैदान इतकं गप्प झालं की वसंताचा साधा आवाज ऐकू आला, "उभी राह्य." तिनं पाय उचलला. प्रज्ञा हलली नाही. बॉल सरळ पोटावर आला आणि तिनं तो मिठी मारावी तसा धरला.

आम्ही एक-शून्यनं हरलो. प्रज्ञा संघाच्या टेम्पोत बसून गेली, जाताना बापाला फक्त एवढंच म्हणाली, "पह्यले कोठी होता तुमी?"

परतीला वाशीमहून शेवटून दुसरी गाडी मिळाली. कंडक्टर आला तसा वसंतानं माझ्या आधी शंभराच्या दोन नोटा पुढं केल्या. "दोन मेडशी."

मी माझे पैसे खिशात ठेवले. नियम त्याचाच होता. मालेगाव गेल्यावर विचारलं, "आता तुह्या कोणत्या मताशी सहमत होऊ?"

त्यानं बराच विचार केला. मेडशीच्या फाट्यावर उतरलो, त्यानं बॅनरची घडी खांद्यावर टाकली आणि जाता जाता म्हणाला, "तो गोल ऑफसाइड होता."

आता हिशेब विचाराल तर जाणं-येणं, चहा, आलुबोंडा धरून माणशी तीनशेच्या आत होतं. मॅचच्या तिकिटाचं मी लिहीत नाही, तुम्ही पोहोचाल तेव्हा दर बदललेला असेल. तुरीच्या बाजूनं जा, गुलाबरावांना नमस्कार घाला, आणि ओळीत आडवं अंग करून चालायला शिका. माझं बॅनर वसंताच्या अंगणात आहे. त्यावर तूर वाळते आहे, फक्त फोन नंबर उघडा आहे. परवा रमेशभाऊंचा फोन आला, पुढच्या वर्षी बॅनर कुठं लावू म्हणून. मी म्हणालो, त्या पैशात बॉल घ्या.

आणि दुकानात मोटार घेऊन जो येतो तो फायनलचं विचारतो. मी प्रत्येकाला सांगतो, गोल ऑफसाइड होता. नव्हता. मी मधल्या रेषेवर सोफ्यात होतो, मला स्वच्छ दिसलं. पण माझं तिकीट वसंतानं काढलं होतं.