ओवीचे वरचे दात

सोमवारी फर्स्ट शिफ्ट करून हिंगण्याच्या कंपनीतून घरी आलो... हेल्मेट काढलं अन् दारातूनच ओवीला हाक मारली. ओवी म्हणजे माझी भाची, नऊ महिन्यांची. ताई तिला घेऊन रामटेकहून, सासरहून, माहेरपणाला आली आहे.

माझा आवाज ऐकताच आईने पोरीचं तोंड पदराने झाकलं. हे शनिवारपासून चाललं होतं. मी जवळ गेलो की ओवीला खांद्यावर पालथं टाकायचं, तोंड भिंतीकडे... काहून विचारलं तर म्हणे, नजर लागते.

माझी नजर? सख्ख्या मामाची? खरं सांगतो, डोकंच फिरलं. आधी वाटलं, कंपनीतून ग्रीसचे हात घेऊन येतो म्हणून असेल. हात घासून घासून धुतले, शर्ट बदलला... तरी तेच. आपल्याच घरात मी पाहुण्यासारखा चोरून चोरून भाचीला पाहत होतो.

त्या दुपारी ताई कामासाठी शहरातच, सदरला गेली होती. ओवी पाळण्यात झोपली म्हणून आई गच्चीवर कुरड्या पाहायला गेली. ती गेली न गेली तोच पोरगी उठली अन् किरकिर सुरू. लाळ गळत होती, मूठ चावत होती... म्हटलं, अरे, हिला तर दात येऊन राहिले!

मोबाईलवर कुठंतरी पाहिलं होतं, फ्रिजमधलं थंड गाजर चघळायला दिलं की हिरड्यांना आराम पडतो. बोळक्या तोंडाचं लेकरू, ते काय गाजर तोडणार! सोललं, धुतलं, दिलं हातात. पोरगी खुश, मामा तिच्याहून खुश.

मग कट्ट असा आवाज आला...

ओवी खोकली. पुन्हा खोकली. अन् मग खोकलाही थांबला... तोंड उघडं, आवाज नाही. चेहरा लालबुंद, ओठ निळे पडायला लागले.

कंपनीत सेफ्टी ट्रेनिंग झालं तेव्हा आम्ही मागे बसून खिदळत होतो. पण त्यातलं काहीतरी डोक्यात राहिलं असावं. ओवीला हातावर पालथं घेतलं, डोकं खालच्या बाजूला, अन् पाठीवर खांद्यांच्या मधोमध तळहाताने थापा मारायला लागलो. तोंडाने नुसता आईच्या नावाचा धावा.

आई धावत आली. मी ओवीला उताणं केलं, तोंडात पाहायला. ट्रेनरने बजावलं होतं, न पाहता बोट घालायचं नाही, अडकलेलं आणखी आत जातं. दिसलं तरच काढायचं. मी वाकलो... अन् आईने मागून माझ्या डोळ्यांवर हात ठेवला.

"पाहू नोको गा! तिच्या तोंडात पाहू नोको!"

"आई, पोरगी मरून राहिली!"

"तिचे वरचे दात पयले आले रे बाबा..."

आमच्याकडे असं मानतात, बाळाचे वरचे दात आधी आले तर ते मामाच्या जिवावर येतं. मग मामाने चांदीची वाटी द्यायची, तीही पाठमोरं उभं राहून. तोवर त्याने ते दात पाहायचे नाहीत. आईने वाटी सराफाकडे सांगून ठेवली होती. म्हणजे आई अन् ताई मला वाचवायला ते दात लपवत होत्या... अन् दात आलेत हे माहीतच नसलेल्या मामाने भाचीच्या हातात गाजर दिलं.

हे सगळं आता जुळवून लिहितो आहे. तेव्हा एवढंच कळत होतं की लेकराला श्वास मिळत नाही अन् मला दिसत नाही. मी आईचा हात झटकणारच होतो, पण त्याआधी तिनेच काढला.

"पाह्य गा... पाह्य! काढ ते!"

पाहिलं. वरच्या हिरडीत तांदळाच्या कणीएवढे दोन दात, अन् मागे जिभेवर गाजराचा तुकडा, थापांनी वर आलेला. बोटाने बाजूने ओढून काढला. क्षणभर काहीच नाही... अन् मग ओवीने असं भोकाड पसरलं की शेजारच्या काकू धावत आल्या. लेकराच्या रडण्याने इतका आनंद होऊ शकतो, देवाशप्पथ, मला माहीत नव्हतं.

तसंच रिक्षाने मुलांच्या डॉक्टरांकडे नेलं. छाती साफ निघाली. डॉक्टर मॅडमनी मात्र आम्हाला झाडून काढलं. गाजर, सफरचंदाची फोड, शेंगदाणे... एवढ्या लहान लेकराला असलं कडक काही द्यायचंच नाही, दात असोत की नसोत. वरचे आधी आले तर काही बिघडत नाही. अन् दात आला की लपवायचा नाही, मऊ ब्रशने घासायचा, पहिल्या दातापासून.

ताई सदरहून थेट दवाखान्यात आली. मी आईला नाही नाही ते बोलत होतो... अडाणीपणा, खुळचटपणा, सगळं. आई ओवीचे पाय चोळत होती. ताई एवढंच म्हणाली, तिला ते खरं वाटते ना रे, तरी तिनं हात काढला.

मी ज्याला खूळ म्हणतो, त्यात आईला आपल्या पोराचं, माझं, मरण दिसत होतं. अन् नातीसाठी तिने तो हात काढला. तिच्या जागी मी असतो तर काढला असता का... खरंच सांगता येत नाही.

मंगळवारी वाटी अजून सराफाकडेच होती, म्हणून आईने मला गाडीची किल्ली दिली नाही, कंपनीच्या बसने जा म्हणाली. एरवी घर डोक्यावर घेतलं असतं. गुपचूप बसने गेलो.

संध्याकाळी ओवीला मांडीवर घेऊन तिचे दोन दात घासले. कार्टीने माझं बोट असं करकचून चावलं की मी मुद्दाम मोठ्यांदा ओरडलो. ताई हसली, आई पण हसली. पण आई ओवीकडे पाहत नव्हती... माझ्याकडेच पाहत होती.