मागीलदारी सांगितलेलं

घटस्फोटानंतर बायका काय काय करतात. कोणी केस कापते, कोणी स्कूटर शिकते, कोणी देवाला लागते. मी ब्लॉग काढला. माझी बहीण म्हणाली, त्यापेक्षा केस कापले असतेस तर परत वाढले तरी असते. तेव्हा मला तिचा रागच आला होता.

कुडाळला स्टेशन रोडच्या मागे दोन खोल्या घेतल्या होत्या. दिवसा एका लॅबमध्ये लोकांचं रक्त काढायचं आणि संध्याकाळी घरी येऊन स्वतःचं, असा कार्यक्रम. नवरा काही राक्षस नव्हता, हे आधीच सांगून टाकते. तो गोव्यात हॉटेलात कामाला. आधी आठवड्याने यायचा, मग पंधरवड्याने, आणि आला तरी आल्यासारखा वाटायचा नाही. मी तोंडाची फाटकी. तो बोलायचा नाही आणि मी थांबायची नाही. शेवटी ओरोसच्या कोर्टात दोघांनी सह्या केल्या, त्याने मला बसस्टॉपपर्यंत सोडलं आणि म्हणाला, "सांभाळून जा." लग्नाच्या सगळ्या वर्षांत त्याने इतक्या मायेने मला काही सांगितल्याचं आठवत नाही. त्या वाक्यावर मी पहिली पोस्ट लिहिली.

सुरुवातीला बहीण आणि तिच्या दोन मैत्रिणी वाचायच्या. मग कोणीतरी पुढे पाठवलं, त्यांनी आणखी पुढे. पुण्याहून, नाशिकहून बायका लिहायला लागल्या. "ताई, तुम्ही माझंच लिहिलंत." "ताई, बसमध्ये वाचलं आणि रडू आवरेना." एकट्या बाईला खोली देताना मालकिणीने विचारलेले प्रश्न, मासळीवालीने "एकट्याकच व्हये?" विचारून हातात ठेवलेला एकच बांगडा, असलं सगळं मी लिहीत गेले. नावं घालायची नाहीत हा माझा नियम. तो पाळत होते म्हणून स्वतःला फार सभ्य समजत होते.

कौतुकाची चटक वाईट. आठवड्याला एक पोस्ट व्हायला हवी असं मीच ठरवलं होतं, कोणी माझ्या डोक्यावर बसलं नव्हतं. पण माझ्या एका संसारात दुःख ते किती असणार? पावसाळा संपेपर्यंत ते संपलं. लोक विचारू लागले, ताई, बऱ्याच दिवसांत काही नाही? आणि मी सासूकडे वळले.

सासू म्हणजे कायद्याने आता माझी कोणीच नाही. मी तिला आई म्हणत होते, अजून म्हणते. मालवणच्या अलीकडे समुद्राला लागून वाडी आहे, तिथे तिचं घर. सह्या झाल्यानंतरच्या मे महिन्यात मी माझं शिलाई मशीन आणि कपाट न्यायला तिथे गेले, तर टेम्पो मिळेना, म्हणून दोन दिवस राहिले. घटस्फोट झालेली सून दोन दिवस सासरी! माझ्याकडे बघून हसावं की नाही, ते वाडीलाही कळेना. नवरा गोव्यातच होता. सासरे पुढच्या पडवीत, आम्ही दोघी मागीलदारी. ती आमसुलांसाठी रातांबे फोडत होती, सालं एकीकडे, गर एकीकडे, आणि मी नुसती बसून होते.

तेव्हा तिने मला ते सांगितलं. मान वर न करता, काम न थांबवता. सासऱ्यांच्या आधी तिचं एक लग्न झालं होतं. तळेऱ्याच्या बाजूला, अगदी कोवळ्या वयात. तो माणूस मारायचा. एकदा तिचा बाप तिला भेटायला गेला, पाठीवरचे वळ बघितले आणि तिला घेऊन आला. पंच बसले, गवताची काडी मोडली, काडीमोड झाली. तिथल्या जुन्या रीतीने एवढ्यावर सुटका व्हायची, वकील नाही की तारीख नाही. नंतर बापाने तिला मुद्दाम लांब, खाली समुद्राकडे दिलं. हे दुसरं लग्न म्हणजे पाट. सासऱ्यांना सगळं ठाऊक होतं. वाडीला नव्हतं. तिच्या मुलालाही नव्हतं.

आता यात एवढं काय, असं कोणी म्हणेल. आमच्याकडे लग्नाच्या आधी घाणा भरतात. पाच सवाशिणी मुसळाला आंब्याची पानं आणि हळकुंड बांधतात, ओव्या म्हणत हळद कांडतात, तीच हळद नवऱ्यामुलीला लागते. त्या पाचजणी लग्नाच्या लागतात, पाटाच्या चालत नाहीत. आणि आमच्या आईने त्या वाडीतल्या एकूण एक लग्नात घाण्याचं पहिलं मुसळ उचललेलं होतं. बोलावणं पहिलं तिला. तिचा आवाज लागल्याशिवाय कांडप सुरूच व्हायचं नाही. मांडवात शिरली की पोरीबाळी उठून जागा द्यायच्या. तेवढा एक मान तिने आयुष्यात कमावला होता, आणि तो या एका गोष्टीच्या गप्प राहण्यावर उभा होता.

"कोणाला सांगू नकोस" असं ती म्हणाली नव्हती. पुढे बरेच दिवस मी त्याच वाक्याच्या आडोशाला लपले. पण सगळ्या वाडीत जे कोणाला ठाऊक नाही ते मला सांगताना, आणखी वेगळं काय बजावायचं असतं?

ती पोस्ट मी दिवाळीनंतर लिहिली. नाव दिलं, "काडी". एका सासूची काडी, एका सुनेचा कोर्टाचा कागद, दोघी एकाच वाटेच्या, असं बरंच काही. गावाचं नाव नाही, समुद्र काढून टाकला, सासूचं वयही बदललं. एक गोष्ट मात्र सोडवेना. मुसळाला हळकुंड बांधताना ती पहिली गाठ मारायची, लगेच सोडायची आणि पुन्हा बांधायची. तिची सवय. कोणी विचारलं तर म्हणायची, पहिली सैल लागता. लिहिताना मला वाटलं, अरे, पहिली गाठ सोडून दुसरी बांधलेली बाई! याच्यापरतं काय हवं? त्या वाक्यावर मी इतकी खूश होते की स्वतःच तीनचारदा वाचलं.

ती गाठ सोडताना वाडीतल्या प्रत्येक बाईने तिला बघितलेलं होतं.

पोस्ट फिरली. आधीच्या सगळ्या पोस्टींपेक्षा जास्त. फिरत फिरत ती मुंबईत, वाडीतल्याच एका चाकरमान्याच्या बायकोच्या मोबाइलवर पोचली. तिने वाडीच्या ग्रुपवर टाकली आणि खाली फक्त विचारलं, "ही आपली काकी काय गो?" पुढचं काम मग कोणाला करावं लागलं नाही.

मला यातलं काही ठाऊक नव्हतं. मी कमेंटना उत्तरं देत बसले होते, हात जोडल्याची चित्रं पाठवत होते. डिसेंबरात एका दुपारी लॅबमध्ये फोन वाजला. नवऱ्याचा. कोर्टानंतर पहिल्यांदाच. मला वाटलं, सासऱ्यांचं काही झालं.

"आवशीचा पयला लगीन झालेला," तो म्हणाला, "ह्या माका मुंबयच्या माणसान सांगूचा?"

माझ्या हातात कोणाच्यातरी रक्ताची नळी होती. ती मी जपून ठेवली आणि बाहेर गेले. मला वाटलं तो ओरडेल. ओरडला असता तर मीही ओरडले असते, ती विद्या मला येते. पण तो हळू बोलत होता. म्हणाला, "माझ्याबद्दल लिवलंस, मी काय बोललंय? लिव म्हटलंय, तुका बरा वाटता तर लिव. पण आवशीक कित्याक?" मग त्याने सांगितलं की शेजारच्या घरी लग्न होतं. काल घाणा भरला. कुंपणापलीकडेच. आईला बोलावणं आलं नाही. ती सकाळपासून ठेवणीतलं लुगडं नेसून बसली होती.

आजकाल असलं कोण मानतं, असं म्हणणारे बाहेरचे. आमच्याकडे कोणी काही बोलत नाही. भांडत नाही, टोमणा मारत नाही. बोलावणं तेवढं येत नाही. जेवायला बोलावतात, हळदीला बोलावत नाहीत. ज्याला कळायचं त्याला कळतं.

आणि आता खरी लाजेची गोष्ट. फोन झाल्यावर त्या संध्याकाळी मी पोस्ट काढली नाही. काढते काढते म्हणत चारपाच दिवस घालवले. मनाशी वाद घातला. चूक रीतीची आहे, माझी नव्हे. मी तर तिच्या बाजूनेच लिहिलंय. असल्या रीती उघड्यावर यायलाच हव्यात. सगळं मुद्देसूद. आणि मध्येच मोबाइल उघडून नव्या कमेंट आल्या का ते बघत होते. एका बाईने लिहिलं होतं, "तुमच्या सासूबाई किती भाग्यवान, त्यांना तुमच्यासारखी सून मिळाली." ते वाचलं. तेव्हा पोस्ट काढली.

रविवारी मालवणची बस धरली. वाटेत वाक्यं जुळवत होते. सवयच ती. आईची क्षमा कशी मागावी याचीही मी आधी मनात पोस्ट लिहीत होते, इतकी गेलेली केस.

सासरे पडवीत होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं, उठले आणि आत गेले. ते मला कधीही "इलंस बाय?" म्हटल्याशिवाय राहिले नव्हते. आई मागीलदारी आंगण सारवत होती. तिने हात धुतले.

"इलंस? बस," ती म्हणाली.

मी म्हटलं, "आई, माझं चुकलं." जुळवलेलं बाकी सगळं नाहीसं झालं होतं.

"काय लिवलंस ता वाच," ती म्हणाली. "माका वाचूक येना नाय. झील वाचून दाखयना नाय, तुझो मामंजी दाखयना नाय. सगळ्यांनी वाचल्यानी. आता तू वाच."

"काढून टाकलं, आई. आता नाही ते."

तिला आधी कळेचना. काढून टाकलं म्हणजे कुठे ठेवलं? मी समजावलं. पुसून टाकलं, आता कोणालाच दिसणार नाही. मला वाटत होतं, तिला यातून जरा बरं वाटेल.

"मगे सगळ्यांका सांगलंस," ती म्हणाली, "आणि माकाच तेवढा सांगूक नाय."

मला तोंडात मारल्यासारखं झालं. मग म्हणाली, "तोंडान सांग. तुजाच लिवलेला मा? आठवत आसतला."

आठवत तर होतंच, ओळ न ओळ. मी सांगायला लागले. पुस्तकी मराठीतली ती वाक्यं, शेणाने ओलं असलेलं आंगण, आणि समोर ती स्वतः बसलेली. दोन ओळींत जीभ अडकली. कागदावर जे सुंदर होतं ते माणसाच्या तोंडावर बोलताच येत नव्हतं. तरी तिने सोडलं नाही. पुढे, म्हणाली. पुढे. मी पुढची ओळ म्हटली, "सांगता सांगता तिचे डोळे भरले आणि आसवं रातांब्याच्या टोपलीत पडली."

"मी खंय रडलंय?"

"नाही रडलात, आई."

"मगे?"

"लिहिताना बरं वाटलं."

पलीकडे शेजारच्या घरी मांडवाचे वासे अजून सोडायचे होते. तिची नजर तिकडे गेली.

"घाण्याक बोलवक नाय," ती म्हणाली. "माका वायट वाटला. खोटा कित्याक बोलू? त्या चेडवाक ल्हानपणी मी न्हाणयलेला. म्हटलंय, तिच्या हळदीक तरी बोलवतील."

मी तिचा हात धरला. तिने काढून घेतला नाही, पण धरलाही नाही. मी म्हटलं, "मी त्यांच्या घरी जाऊन बोलते, आई. वाडीतल्या सगळ्यांशी बोलते." ती म्हणाली, "आता आणखी बोला नको." ते ती रागाने म्हणाली असती तर सोसलं असतं.

मी रडायला लागले. तिने रडू दिलं. तोंडाला पदर नाही, पाठीवर हात नाही, नुसती बसून राहिली. हे लिहिण्याआधी मी तिला विचारलंय, आणि यातलं अक्षर न अक्षर आधी तिला वाचून दाखवलंय. त्यावर ती एवढंच म्हणाली की आता झाकूचा काय ऱ्हवला. त्याला परवानगी म्हणावी का, मला अजून ठरवता येत नाही.

मी डोळे पुसून उठायला लागले तेव्हा तिने विचारलं, "मिया तुका ता कित्याक सांगलंय, म्हायत आसा?"

मी म्हटलं, मला वाटावं की मी एकटी नाही, म्हणून. पोस्टमध्ये मी तसंच लिहिलं होतं.

"नाय गो," ती म्हणाली. "तू जेवी नाय होतंस. दोन दिस झाले, तोंडात शीत घालूक नाय. माका भय वाटला. म्हटलंय, ह्या सांगलंय तर चेडू उठान जेवतला."

मी परत खाली बसले.

"आणि जेवलंस," ती म्हणाली. "पेज आणि भाजलेलो बांगडो. दोनदा वाढून घेतलंस. माका इतक्या बरा वाटला. ता लिवलंस?"

मी ते लिहिलं नव्हतं. टाळलं होतं असंही नाही. मला ते आठवलंच नव्हतं.