पांढऱ्या मातीची पाटी

जत तालुक्यातल्या आमच्या गावामागचा माळ चुनखडीचा. वर खैर-बाभळीचं विरळ रान, खाली कुसळी गवत आणि ओघळीत खडूसारखी पांढरी माती. दिवाळीआधी गावच्या बायका ती पाटी भरून आणायच्या, भिजत घालायच्या आणि घराच्या भिंती पोतारायच्या. पुढे माळ राखीव झाला आणि त्याची राखण माझ्या वडिलांकडे, दादांकडे आली. ते वनखात्यात मजूर होते.

दादांनी भावकीची मेंढरं माळावरून परतवली, तसं आईलाही परतवलं. "आपल्याच घरात पांढरी भित दिसली, तर दुसऱ्याला कुठल्या तोंडानं अडवू?" त्यांचं खरंच होतं, म्हणून तर मला जास्त राग यायचा. गवत वाढलं, ससे दिसू लागले, गाड्या करून माणसं माळ बघायला येऊ लागली. आमच्या भिंतींना डिस्टेंपर लागला. आई दिवाळीत त्या भिंतींकडे पाठ करून फराळाला बसायची.

गेल्या पावसाळ्यात तिला सांगलीला दवाखान्यात ठेवलं. शेवटी शेवटी ती खाटेजवळच्या भिंतीवरून हात फिरवायची. "पांढरी हाय गं, पर वास न्हाई हिला." दादा तिच्या पायाशी उभे होते. त्यांना ऐकू गेलं नसावं, असं मला वाटलं.

सुतक फिटायच्या दिवशी मी घर सारवायला शेण कालवत होते. तेवढ्यात दादा माळावरून आले. खांद्यावर पाटी, वर टॉवेल झाकलेला. इतक्या वर्षांत माळावरची काटकीसुद्धा आमच्या घरात आली नव्हती. त्यांनी माती भिजवली, आईच्या जुन्या लुगड्याचा बोळा केला आणि चुलीमागची भिंत पोतारू लागले. त्यांना कुठं जमतंय. कोपरापर्यंत ओघळ येत होते.

"आवं दादा, आता कुणासाठी?" माझा आवाज चढलाच.

"एवढंच मागितलं हुतं तिनं," ते म्हणाले, आणि हात थांबवला नाही.

घरभर ओल्या मातीचा वास सुटला. मला रडू आवरेना. मग मीच बोळा घेतला आणि राहिलेली भिंत पुरी केली.

दुसऱ्या दिवशी दादा वनखात्याच्या साहेबांकडे जाऊन राखणीची काठी आणि शिट्टी परत देऊन आले. साहेबांनी पुष्कळ समजावलं म्हणे. दुपारी मी आत डोकावले, तर भिंत वाळून लख्ख पांढरी झाली होती आणि दादा तिच्याकडे तोंड करून एकटेच बसले होते.