काशीराम मास्तरांचा मुंढा

महाडच्या बाजारात काशीराम मास्तरांचं शिवणाचं दुकान आहे. दुकान कसलं, दोन मशिनं, एक आरसा आणि पडदा लावून केलेला कोपरा. मास्तर मूळचे पोलादपूरच्या डोंगरातल्या वाडीतले, पण तीस वर्षं झाली, इथेच. माणसांची नावं त्यांच्या लक्षात राहत नाहीत. "आत्ता कोण गेला हो?" विचारलं तर म्हणतात, "बेचाळीस छाती, पाठीला बाक, डावा खांदा अर्धा इंच खाली."

माप घेताना मात्र त्यांचा असा दरारा, की कोर्टातले नामांकित वकीलही गप्प उभे राहतात. "हात खाली. श्वास सोडा. हलायचं नाय!" मग माणूस शाळेतल्या प्रार्थनेला उभं राहावं तसा ताठ.

यंदा औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याच्या कामगारांचे चाळीस शर्ट त्यांच्याकडे शिवायला आले. पोरांना अंगाबरोबर बसणारे हवे होते. मास्तरांनी तसेच शिवून दिले. आठवडा गेला नाही तोच सहा शर्ट परत. सगळे काखेत फाटलेले.

"नुसता वरच्या पाइपाचं चाक फिरवायला हात उचलला," ऋत्विक नावाचा कामगार सांगत होता. "टर्रर! पाळीवरची सगळी पोरं हसली, मास्तर."

सुपरवायझर अनिल काही हसला नाही. "शनिवारपर्यंत एक शर्ट असा द्या, की फाटणार नाही. नाहीतर साहेब मुंबईहून तयार माल मागवतायत."

मास्तरांनी शर्ट उलटा करून पाहिला. टाका जागच्या जागी होता; कापडच फाटलं होतं. काशीराम मास्तरांचा मुंढा, म्हणजे बाही अंगाला जोडतात ती जागा, तीस वर्षांत कुणाचा गेला नव्हता. आता तयार मालवाले त्यांच्या मुंढ्यावर हसणार. त्या दिवशी त्यांनी चहासुद्धा अर्धाच प्यायला.

घरी मुलगी अक्षदा सुट्टीवर आलेली. फिजिओथेरपीचं पहिलं वर्ष, परीक्षा तोंडावर. ती पुस्तक घेऊन मोठ्याने घोकत होती.

"बाबा, जरा उभे राहा ना. तळहात पुढे करून."

"असा? देवळाच्या दारात बसतात तसा?"

"अहो, ही पुस्तकातली मूळ स्थिती. सगळं वर्णन हिच्यावरून करायचं. पुढची बाजू अँटिरिअर, मागची पोस्टिरिअर. आणि उजवा म्हणजे त्या माणसाचा उजवा हां, बघणाऱ्याचा नाही."

"हे मला शिकवतेस गो? तसं नसतं तर निम्म्या महाडाचे खिसे भलत्या बाजूला लागले असते!"

अक्षदा खुदकन हसली. मग शरीराच्या मधोमध कपाळापासून खाली बोट फिरवत म्हणाली, "ही मध्यरेषा. हात हिच्यापासून लांब नेला, की अ‍ॅबडक्शन. परत जवळ आणला, की अ‍ॅडक्शन. कोपर दुमडलं ते फ्लेक्शन, सरळ केलं ते एक्स्टेन्शन."

"म्हणजे तुमचा माणूस हलतो?"

"हलणारच ना, बाबा! नुसता उभा राहिला तर आम्हाला विचारणार कोण?"

मास्तर तळहात पुढे करून तसेच उभे राहिले. मग त्यांनी एक हात हळूहळू बाजूने वर नेला, खाली आणला, पुन्हा नेला. दुसऱ्या हाताने काख चाचपली. "टेप आण गो," ते म्हणाले. "हात खाली ठेवून काखेपासून कमरेपर्यंत माप. आता हात वर. आता माप."

"चार बोटं वाढलं, बाबा."

"आणि ही चार बोटं मी त्या पोरांना दिलीच नायत!"

दुसऱ्या दिवशी त्यांनी ऋत्विकला दुकानात उभा केला आणि फर्मावलं, "चाक फिरव." बिचारा हवेतच न दिसणारं चाक फिरवू लागला. समोरची भाजीवाली रंगूबाई ओरडली, "मास्तर, पोराला झटके येतायत काय?"

"अ‍ॅबडक्शन चाललाय, बाई!"

"बरा होऊ दे बिचारा," रंगूबाई म्हणाली आणि तिने त्याच्यासाठी एक लिंबू पाठवून दिलं.

उपाय सापडला तो मास्तरांच्या हातातच होता. त्यांचे वडील वाडीतल्या म्हाताऱ्यांसाठी पैरणी शिवायचे. पैरणीच्या काखेत कापडाचा चौकोनी तुकडा घालत, त्याला चौबगला म्हणत. तो असला की माणसाने झाडावर चढावं, कोयता चालवावा, पैरण कुरकुरत नसे. शर्टाची फॅशन आली आणि चौबगला गेला. मास्तरांनी तो पुन्हा कापला, इतका बेताचा, की हात खाली असताना दिसूही नये.

शनिवारी अनिलने शर्ट स्वतःच घातला. हात बाजूला, वर, पुढे, मागे. त्याला विश्वास बसेना. सरळ दुकानाच्या चौकटीला लोंबकळला. मास्तरांनी डोळे मिटून घेतले. आवाज आला नाही.

"मानलं, मास्तर! कुठे ताणच नाही." खूश होऊन अनिल खाली पडलेला पेन उचलायला वाकला.

टर्रर!

मास्तरांचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी धावत येऊन दोन्ही काखा पाहिल्या. शर्ट धडधाकट होता. अनिल मात्र पोस्टिरिअर बाजू भिंतीला लावून हळूहळू पडद्याकडे सरकत होता.

"पँट कुणी शिवली?" मास्तरांनी विचारलं.

"तयार घेतली होती," पडद्याआडून बारीक आवाज आला. "साहेबांना सांगतो, चाळीस पँटीही तुमच्याकडेच. पण आधी मला एखादी लुंगी तरी द्या हो!"