उंदराचा पत्ता पाठ, माणसाचा गहाळ

सोलापूरच्या एसटी स्टँडवर बर्फाचा डबा घेऊन उतरले, तर पहिल्याच बाईने विचारलं, "कुल्फी कशी दिली?" पुण्याच्या संशोधनाचं असं जाहीर स्वागत क्वचितच होतं.

डबा रक्तासाठी होता. आमच्या प्रयोगशाळेत जन्मतः बहिरे उंदीर आहेत. त्यांचा बिघडलेला जनुक कोणत्या गुणसूत्रावर, कोणत्या जागी आहे, हे आम्ही झोपेतही सांगू. माणसात तोच जनुक कुठे बसलाय, ते मात्र अजून शोधतोय. त्यासाठी एकाच घरातली बरीच बहिरी आणि ऐकणारी माणसं लागतात. तसं घर अक्कलकोटच्या पुढे मैंदर्गीत सापडलं.

गिरिजाच्या घरी कडक भाकरी, शेंगाचटणी आणि दही पुढे आलं. तिचे दोन्ही भाऊ जन्मापासून बहिरे. आईवडील नात्याने मामा-भाची. आता गिरिजाचंही लग्न तिच्या सख्ख्या मामाशी, शिवानंदशी ठरलेलं. मी लगेच शहाणपण पाजळलं, "नात्यात लग्नं करू नयेत."

"उंदरांची लग्नं कोन ठरवतं?" गिरिजाने विचारलं.

"आम्हीच."

"कुनाशी?"

"भावाचं सख्ख्या बहिणीशी," मी भाकरीकडे बघत म्हणाले. "शोध सोपा जातो."

"मग आमीच बरे की!" तिची अव्वा (आई) पदर तोंडाला लावून हसली.

गिरिजा हसली नाही. "माज्या लेकरास्नी ऐकू येईल का न्हाय, तेवढं सांगा."

"जागा सापडली तर सांगता येईल. पण तुमचं दोघांचंही रक्त हवं."

शिवानंद दारातच उभा होता. "मला चांगलं ऐकू येतंय. माज्यात काय खोट हाय?"

"सुई न्हाय, तर अक्षता बी न्हाईत, मामा," ती शांतपणे म्हणाली.

त्याने मोटारसायकलला किक मारली आणि तो सोलापुरातल्या अक्कलकोट रोडच्या टॉवेल कारखान्यात पाळीवर निघून गेला. अव्वाचं हसू मावळलं. गिरिजाने बाही वर सारून हात पुढे केला. माझ्या शोधापायी या पोरीचं लग्न मोडतंय की काय, असं मनात येत असतानाच मी तिच्या दंडाला पट्टा बांधला.

संध्याकाळी सोलापूर स्टँडवर पुण्याच्या गाडीची वाट बघत बसले होते. डब्यात घरच्या सगळ्यांच्या नळ्या होत्या, शिवानंदच्या नावाची तेवढी रिकामी. तेवढ्यात समोर मोटारसायकल थांबली. शिवानंदच! केसांत सुताचे तंतू, पाळी अर्धवट टाकून आलेला.

"ती खरंच न्हाय म्हनंल हो," तो बाकावर बसत म्हणाला. "घ्या."

"उत्तराला वर्षंही लागतील. येईलच असंही नाही."

"थांबू की आमी दोगं."

त्याने संमतीच्या कागदावर सही केली, डोळे गच्च मिटले आणि तोंड फिरवून हात पुढे केला. "घाबरलो हे तिला सांगू नका."

उंदीर आम्ही शेपटीला धरून आणतो. आजवर एकही आपल्या पायांनी आलेला नाही. गाडीत कंडक्टर म्हणाला, "डबा खाली ठेवा, मॅडम." मी पुण्यापर्यंत तो मांडीवरच धरून बसले.